व्याधी नसलेल्या मुलांची चिकित्सा

वैद्यकव्यवसायात असा वैद्य क्वचितच असेल की ज्याच्यापुढे एखाद्या वडिलांनी वयात आलेल्या मुलाला बसवून, आवाज खाली आणून, "डॉक्टरसाहेब, याच्यात काहीतरी कमी आहे, जरा बघा," असे कधी म्हटले नसेल. ही 'कमी' बहुधा वजनाची, भुकेची किंवा अभ्यासातील लक्षाची असते. परंतु एखाद्या वेळी बोलणे आडवळणाने वेगळ्याच ठिकाणी पोहोचते. मुलाला मुलींविषयी ओढ वाटत नाही. त्याने मित्राला लिहिलेली चिठ्ठी घरात सापडली आहे. किंवा लग्नाचा विषय निघाला की मुलगी दोन-दोन दिवस जेवत नाही. अशा वेळी आपण वैद्य नेमके काय करतो, याची चर्चा आपल्या नियतकालिकात झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती आता करावी, असे आम्हांस वाटते. त्यासाठी प्रथम एका परदेशी डॉक्टरांच्या कारकिर्दीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. कारण जो प्रश्न आपण आजवर टाळला, तो त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सरळ विचारला.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. पाश्चात्त्य वैद्यकात कुमारवयीनांसाठी स्वतंत्र शाखा ही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत बोस्टन येथील बालरुग्णालयात डॉ. जे. रॉसवेल गॅलाघर यांनी १९५१ मध्ये किशोरवयीनांसाठी पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. बालकांच्या खाटेवर न मावणारी आणि प्रौढांच्या कक्षात बुजणारी ही मुले तोवर कोणाचीच नव्हती. गॅलाघर यांचा आग्रह साधा होता : मुलाला एकट्याने भेटावे आणि त्याच्या आईवडिलांशी नव्हे तर त्याच्याशी बोलावे. आपल्याकडेही स्थिती फार निराळी नाही. कौमारभृत्यात स्तन्यपान, दंतोद्भेद, बालग्रह यांचा विस्तार आहे. कायचिकित्सेत प्रौढ रुग्ण गृहीत धरलेला आहे. मधला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मात्र पदवी अभ्यासक्रमाच्या दोन विषयांच्या फटीत पडतो. वास्तविक चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ही फट बुजविलेली आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व आणि त्यानंतर तीस वर्षांपर्यंत धातू वर्धमान, पण सत्त्व बहुधा अनवस्थित, असे वयाचे विभाजन तेथे सांगितले आहे. तिशीपर्यंत मन स्थिरावलेले नसते, हे ज्या शास्त्राने जाणले, त्याच्या अनुयायांनी सतराव्या वर्षी मुलाकडून पक्क्या निश्चयाची अपेक्षा का करावी?

आता त्या डॉक्टरांविषयी. डॉ. गॅरी रेमाफेडी हे मिनेसोटा विद्यापीठातील बालरोग विभागाचे प्राध्यापक. विशेष विषय किशोरवयीनांचे आरोग्य. समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्तींना आज इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलजीबीटी' म्हणण्याची पद्धत आहे. तो शब्द रूढ होण्यापूर्वीच त्यांनी अशा मुलांकडे वैद्यकीय दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता १९७३ मध्ये व्याधींच्या यादीतून काढली होती. तरीही किशोरवयीन मुलगा समलिंगी असू शकतो, हे बालरोगतज्ज्ञ सहसा उच्चारत नसत. 'हे वयच तसे आहे, निघून जाईल,' असे सांगून पालकांची बोळवण होई.

रेमाफेडी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास अवघ्या २९ मुलांचा होता. आजचे संख्याशास्त्रज्ञ या आकड्याला हसतील. पण त्या २९ जणांना कोणीतरी प्रथमच समोर बसवून विचारले होते. बहुसंख्य मुलांच्या शालेय जीवनात, व्यसनाधीनतेत वा मनःस्वास्थ्यात गंभीर अडचणी आढळल्या. जवळजवळ निम्म्यांच्या पूर्ववृत्तात गुप्तरोग, घरातून पळून जाणे किंवा कायद्याशी गाठ पडणे यांपैकी काहीतरी होते. १९९१ मध्ये त्यांनी १४ ते २१ वयोगटातील १३७ समलिंगी व उभयलैंगिक मुलग्यांचा अभ्यास मांडला. त्यातील ४१ जणांनी, म्हणजे शेकडा ३० जणांनी, निदान एकदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकाहून अधिक वेळा. त्यांतील सुमारे एकतृतीयांश मुलांचा पहिला प्रयत्न, आपण वेगळे आहोत हे ज्या वर्षी उमगले, त्याच वर्षी झाला होता. या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कारण तेच ते वर्ष असते, ज्या वर्षी घरात चिठ्ठी सापडते आणि वडील मुलाला आपल्याकडे घेऊन येतात.

या आकड्यांवर आक्षेप आले नाहीत असे नाही. ही मुले अडचणीत होती म्हणूनच डॉक्टरांपर्यंत पोहोचली, म्हणून प्रमाण फुगलेले दिसते, असा मुख्य आक्षेप होता आणि तो रास्तही होता. रेमाफेडी यांनी त्याला शब्दांनी नव्हे, अधिक काटेकोर मोजणीने उत्तर दिले. मिनेसोटा राज्यातील सातवी ते बारावीच्या शालेय विद्यार्थ्यांच्या मोठ्या सर्वेक्षणातून त्यांनी १९९८ मध्ये तुलना मांडली. आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण समलिंगी व उभयलैंगिक मुलग्यांत शेकडा २८.१, तर इतर मुलग्यांत ४.२ होते. मुलींमध्ये हेच आकडे २०.५ आणि १४.५ असे होते. म्हणजे आक्षेप विचारात घेऊनही मुलग्यांमधील फरक तसाच उरला.

त्याच सर्वेक्षणातील ३४,७०६ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. बारा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा २५.९ जणांनी आपला लैंगिक कल अजून ठाऊक नसल्याचे सांगितले. सतराव्या वर्षी हे प्रमाण ५ वर आले. यातून दोन्ही बाजूंच्या उतावळ्यांना उत्तर मिळते. कोवळ्या वयातील संभ्रम पाहून मुलावर कसलाही शिक्का मारण्याची घाई नको. आणि सतराव्या वर्षी मुलगा विचारपूर्वक काही सांगत असेल, तर ते 'वयाचे खूळ' म्हणून उडवून लावणेही बरोबर नाही.

रेमाफेडी यांनी पुढे तरुणांमधील एड्सप्रतिबंधाचा प्रकल्प उभारला आणि १९९४ मध्ये अशा मुलांच्या आत्महत्यांवरील अभ्यासांचे एक पुस्तक संपादित केले. त्या पुस्तकाच्या नावाचा आशय, 'नाकारण्यामुळे ओढवणारा मृत्यू' असा आहे. एका बालरोगतज्ज्ञाने एवढे परखड नाव द्यावे, यातच त्या काळातील मौनाची कल्पना येते. त्यांच्या कारकिर्दीत चमत्कार नाही, नवे औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरी तेवढी त्यांनी नीट केली.

आपल्यापैकी अनेक जण येथे म्हणतील, ही पाश्चात्त्यांची दुखणी, आपल्या संहितांत यांना स्थान कोठे? स्थान आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात दुसऱ्या अध्यायात द्विरेता, नरषंढ, नारीषंढ, वक्री इत्यादी आठ प्रकारांची चर्चा आहे. सुश्रुतांनीही शारीरस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक, षंढ असे भेद सांगितले आहेत. या संज्ञांना आजच्या 'समलिंगी' या शब्दाचे पर्याय समजणे चूक ठरेल, आणि आचार्यांनी या अवस्था विकृतीतच गणल्या, हेही लपविण्याचे कारण नाही. त्यांनी दिलेली कारणमीमांसाही आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ही मीमांसा बीज, गर्भाधान व गर्भावस्थेभोवती फिरते. मुलाच्या हट्टाला, संगतीला किंवा निश्चयाच्या अभावाला तेथे दोष दिलेला नाही. तो दोष आपण अलीकडे लावू लागलो.

शिवाय सुश्रुतांनी चिकित्सास्थानात क्लैब्याचे प्रकार सांगताना सहज, म्हणजे जन्मतः असलेले क्लैब्य असाध्य ठरविले आहे. क्लैब्य वेगळे आणि लैंगिक कल वेगळा, हे आम्ही पुन्हा स्पष्ट करतो. पण ज्यांना हा कल विकारच मानावयाचा आहे, त्यांनाही प्राचीन दृष्टीने तो जन्मजात मानावा लागेल; आणि असाध्याला हात घालणारा वैद्य अर्थ, विद्या व यश गमावतो, असा इशारा चरकांच्या सूत्रस्थानात आहे. मग तीन-तीन महिन्यांच्या पुड्या बांधण्याचा आधार राहतो कोठे? वाजीकरणाच्या अध्यायात तर सोळा वर्षांखालील व सत्तर वर्षांवरील पुरुषासाठी स्त्रीसमागमच निषिद्ध सांगितला आहे. तरी पंधरा वर्षांच्या मुलाला वाजीकर कल्प लिहून दिलेली चिठ्ठी आम्ही स्वतः पाहिली आहे.

पाहिली आहे असे म्हणून आम्ही बाजूला होऊ शकत नाही, कारण तशीच एक चिठ्ठी आमच्याही हातची आहे. २००४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना नवा होता. एक सद्गृहस्थ बारावीतील मुलाला घेऊन आले. वडिलांशी आम्ही वीस-पंचवीस मिनिटे बोललो. मुलाशी दोन मिनिटे, तीही वडिलांच्या देखत. नाडी पाहिली, जीभ पाहिली. शुक्रक्षयाचे एकही लक्षण नसताना वहीत 'शुक्रक्षय' लिहिले. अश्वगंधा, गोखरू व कवचबीज यांचे चूर्ण दुधातून आणि जोडीला चंद्रप्रभा वटी, असा तीन महिन्यांचा क्रम दिला. जाताना वडिलांच्या कानात सांगितले की, काळजी करू नका, लग्न झाले की सगळे मार्गी लागेल. त्या वाक्याची आम्हांस आज सर्वांत अधिक लाज वाटते. औषधांनी कदाचित अपाय झाला नसेल. त्या वाक्याने एका अजाण मुलीचे आयुष्यही पणाला लावले होते.

पुढचे आम्हांस अनेक वर्षांनी समजले, तेही दवाखान्यासमोरील औषधी भांडाराच्या मालकांकडून. दुसऱ्या महिन्यात तो मुलगा न उघडलेल्या पुड्या घेऊन त्यांच्या दुकानात आला होता. परत घेता का, म्हणून विचारीत होता. मालकांनी सहज विचारले, "का रे बाळा, लागू पडत नाही का?" तो म्हणाला, "काका, मला काही झालेलंच नाही." त्याच्या चेहऱ्यावरून मालकांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी त्याला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसविले, चहा मागविला आणि दुकान बंद होईपर्यंत जाऊ दिले नाही. मग स्वतः घरापर्यंत सोडून आले. वडिलांना त्यांनी काही सांगितले नाही, आम्हांसही नाही. आम्हांस न सांगण्याचे कारण त्यांनी दिले ते असे : "डॉक्टर, तुम्ही तेव्हा ऐकून घेतलं नसतंत." ते खरे होते. तो मुलगा आज मोठ्या शहरात नोकरी करतो. वडिलांशी त्याचे बोलणे अजून तुटकच आहे.

म्हणून आमचे हे म्हणणे केवळ वैद्यांपुरते नाही. आपल्या संघटनेत औषधविक्रेते बंधूही आहेत आणि अशी मुले अनेकदा वैद्याच्या आधी त्यांच्या गल्ल्यासमोर येतात. 'धातुपौष्टिक', 'मर्दानी शक्ती' असल्या पाट्या दुकानाबाहेर टांगण्यापूर्वी १९५४ चा 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा आठवावा. लैंगिक दुर्बलता व कामशक्तिवर्धन यांविषयीच्या औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई केलेली आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, भेदरलेला सोळा वर्षांचा मुलगा ती पाटी वाचून आपल्यात खरोखरच काही कमी असल्याचे मानू लागतो, याचा विचार व्हावा.

पारलिंगी मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. शरीर एक आणि स्वतःची जाणीव दुसरी, अशी ज्यांची स्थिती असते, त्यांच्यातील काही जण गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतात; रक्त गोठण्यासारखे धोके त्यांना कोणी सांगितलेले नसतात. अल्पवयीनांना संप्रेरके वा वयात येणे लांबविणारी औषधे द्यावीत की नाही, यावर पाश्चात्त्य वैद्यकातच तीव्र मतभेद आहेत. २०२४ मध्ये इंग्लंडमधील डॉ. हिलरी कॅस यांच्या अहवालाने या उपचारांमागील पुरावा दुबळा असल्याचे म्हटले आणि तेथील सरकारी आरोग्यसेवेने वयात येणे थांबविणारी औषधे नेहमीच्या उपचारांत देणे बंद केले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका वेगळी राहिली. या वादात आपण न्यायाधीश होऊ नये. मुलाला हिणवू नये, संप्रेरकांना हात लावू नये आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढे आपल्या अखत्यारीत आहे.

पालकांशी काय बोलावे, हा खरा कसोटीचा भाग. घरात मुलाचा जितका धिक्कार, तितका त्याच्या जिवाला धोका, हे डॉ. कॅटलिन रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील २२४ तरुणांच्या अभ्यासातून दाखविले. ज्यांना कुटुंबाकडून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता, नकार न मिळालेल्या वा थोडाच मिळालेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होती. हा आकडा आम्ही आता पालकांना सांगतो. ते एकदम मान्य करीत नाहीत. आई बहुधा रडते, वडील उठून जातात. पण उठून गेलेले वडील आठवड्याने पुन्हा येतात, असा आमचा अनुभव आहे.

मुलाला गुप्ततेचे वचन देताना एक सावधगिरी हवी. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाशी लैंगिक संबंध आल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. तेव्हा 'तू काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही,' असे वचन आपण देऊच शकत नाही. मर्यादा आधी सांगावी, मग ऐकावे. मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात येतात, ही समजूत चुकीची आहे. असतील, तर वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक चिकित्सालयात व दुकानात लावण्यास खर्च काहीच नाही. मुंबईतील 'हमसफर ट्रस्ट' आणि पुण्यातील 'समपथिक ट्रस्ट' यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. 'समपथिक'चे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके तर प्रत्येक वैद्याने वाचावीत. इंग्रजीत अडखळणाऱ्या पालकांच्या हातीही ती देता येतात.

कायद्याची बाजू आता पुरेशी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये, लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले. परंतु हे पत्र आधुनिक वैद्यकाच्या परिषदांना उद्देशून होते. आपली नोंदणी भारतीय चिकित्सा परिषदेकडे, आपला आयोग निराळा. त्यामुळे ते आपल्याला आपोआप लागू होत नाही. आमची भीती अशी की, तिकडे दार बंद झाल्यावर हे पालक आपल्या दाराशी येतील, आणि 'आयुर्वेदात यावर इलाज आहे' असे सांगणारा कोणीतरी त्यांना भेटेलही.

यास्तव संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम घालावे, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीकडे पाठविला आहे. लैंगिक कल बदलण्याच्या हेतूने कोणताही कल्प, पंचकर्म, उपवास वा समुपदेशन देऊ नये आणि दिल्यास ते गैरवर्तन समजावे, एवढाच त्याचा मजकूर आहे. प्राथमिक चर्चेत दोन मते पडली. काही ज्येष्ठांना 'समुपदेशन' हा शब्द वगळावासा वाटतो. मनोधैर्य देण्यावर बंदी येईल, ही त्यांची शंका आहे. आम्हांस ती पटत नाही, कारण बंदी हेतूवर आहे; तरीही शब्दरचना सुधारण्यास आमची तयारी आहे. मसुद्याच्या प्रती जिल्हा शाखांकडे रवाना झाल्या आहेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो लेखी कळवावा. पुढील अंकात आम्ही तो जसाच्या तसा छापू.